मूठभर तांदूळ आणि मिशनची थैली

देवाला दिलेला पैसा दिल्यानंतर कोणाचा होतो? देणाऱ्याचा तो उरत नाही, हे उघड आहे. घेणाऱ्याचा होतो म्हणावे, तर घेणारा स्वतःला केवळ कारभारी म्हणवितो. हा प्रश्न आम्ही येथे बॅप्टिस्ट बांधवांच्या इतिहासावरून मांडू इच्छितो. त्यांच्या परंपरेत प्रत्येक स्थानिक मंडळी स्वायत्त असते. पाळकाचे वेतन, छपराची दुरुस्ती, गरिबांचा वाटा, सारे मुळात तिनेच उभारावयाचे. त्यामुळे आपल्याकडे जो प्रश्न धर्मप्रांताच्या कचेरीआड झाकला जातो, तो त्यांच्याकडे उघडा दिसतो.

१७९२ साली इंग्लंडमधील केटरिंग गावी काही बॅप्टिस्ट पाळकांनी मिशनसाठी पहिली वर्गणी मांडली: १३ पौंड, २ शिलिंग, ६ पेन्स. पुढच्याच वर्षी विल्यम कॅरी बंगालमध्ये उतरले. मराठी वाचकाला हे नाव परके नाही. १८०५चे मराठी व्याकरण आणि १८१०चा मराठी कोश ही त्यांचीच कामे. १८०० पासून सेरामपूर येथे कॅरी, मार्शमन आणि वॉर्ड यांनी एक विलक्षण प्रयोग केला. कॅरींचा फोर्ट विल्यम कॉलेजातील पगार, मार्शमन दांपत्याच्या शाळांचे उत्पन्न, वॉर्ड यांच्या छापखान्याची मिळकत, हे सारे एकाच थैलीत पडे. प्रत्येकाने गरजेपुरते घ्यावे, उरेल ते मिशनचे. खासगी कमाईला मज्जाव. अपरिग्रहाचे व्रत घेतलेल्या आमच्या संन्यस्त संघांनीही या गृहस्थाश्रमी माणसांपुढे मान लववावी.

तरीही याच पैशापायी फूट पडली. मायदेशीच्या सोसायटीचे सचिव अँड्र्यू फुलर १८१५ साली निवर्तले. तोवर परस्परविश्वासावर चालले होते. नव्या समितीने विचारले, सेरामपूरच्या जागा आणि इमारती यांवर अधिकार कोणाचा? ज्या सामान्य लोकांनी पेनी पेनी जमवून धाडली, त्यांना विचारण्याचा हक्क नाही काय? सेरामपूरचे उत्तर होते की, बहुतेक धन आमच्या श्रमाचे आहे आणि त्यातले आम्ही स्वतःसाठी काही ठेवलेले नाही. १८२७ साली दोघे विभक्त झाले. आमच्या मते दोन्ही पक्ष प्रामाणिक होते, पण सेरामपूरचा युक्तिवाद लंगडा होता. स्वतःसाठी काही न ठेवणे हा सद्गुण खरा. त्याने हिशेब देण्याचे कर्तव्य फिटत नाही. उलट, जे आपले नाहीच त्याचाच हिशेब द्यावा लागतो. आणखी एक गोष्ट मनाला लागते. ज्या बंगाली मंडळीसाठी हे सारे चालले होते, ती या वादात पक्षकारच नव्हती. १८३० नंतर कलकत्त्याच्या पेढ्या बुडाल्या, तेव्हा मिशनच्या ठेवीही बुडाल्या.

याउलट मिझोरामकडे पाहावे. तेथील प्रेस्बिटेरियन आणि बॅप्टिस्ट मंडळ्यांत ‘बुहफाइथाम’ ही प्रथा रुजली आहे. स्वयंपाकासाठी तांदूळ काढताना गृहिणी त्यातली एक मूठ देवासाठी बाजूला ठेवते. स्त्रियाच तो घरोघरी गोळा करतात, तो विकला जातो आणि पैसा धर्मकार्याला लागतो. आपल्याकडची भिक्षेची मूठही अशीच असे, पण ती दारी आलेल्यासाठी. इथे कोणी दारी येण्यापूर्वीच मूठ निघते. श्रीमंताची मूठ गरिबाच्या मुठीहून फारशी मोठी नसते, म्हणून देणगीदाराच्या नावाची फरशी बसविण्याचा प्रश्नच येत नाही. मंदिरातील विधवेच्या दोन टोल्या येशूने पाहिल्या. त्या टोल्यांवर कोणाचे नाव कोरलेले नव्हते.

मूठभर तांदळाने मनोरा उभा राहत नाही, असे कोणी म्हणेल. आम्ही उलट विचारतो: ज्या गावाच्या मुठींतून मनोरा निघत नाही, त्या गावाला तो हवाच आहे काय? परदेशी मदतीचे नियम २०१० आणि २०२० साली कडक झाले, आणि हा प्रश्न आता केवळ तात्त्विक राहिलेला नाही.

आपल्या ख्रिस्तसभेचा १९८३चा कायदा या बाबतीत मोघम नाही. प्रत्येक धर्मग्रामात अर्थसमिती असावी, ज्या हेतूने दान दिले त्याच हेतूसाठी ते खर्चावे, आणि श्रद्धावंतांनी जे अर्पण केले त्याचा हिशेब त्यांना द्यावा, असे तो सांगतो. काही धर्मग्रामस्थ म्हणतात, ‘फादर, तुमच्यावर विश्वास आहे, आकडे कशाला?’ हे ऐकायला गोड लागते. धर्मगुरूला तर फारच. पण विश्वास असतानाच आकडे शांतपणे वाचता येतात. सेरामपूरला ते विश्वास उडाल्यावर मागितले गेले, आणि कॅरी १८३४ साली गेले तेव्हाही तो दुरावा मिटला नव्हता.