थेटर कोणाचं?

जगात मालक दोन जातींचे असतात. एक कागदावरचे आणि दुसरे सवयीचे. कागदावरच्या मालकाजवळ खरेदीखत असतं. सवयीच्या मालकाजवळ नुसताच आवाज. आठ-बाराच्या लोकलमध्ये पंधरा वर्षं त्याच खिडकीशी बसणारा माणूस रेल्वेचा मालक नसतो. पण तिथे दुसरं कोणी बसलेलं दिसलं की त्याच्या चेहऱ्यावर जी कळा येते, ती वडिलोपार्जित शेत गेलेल्या माणसाची असते. आमच्या चाळीचा मालक मी जन्मात दोनदा पाहिला. तरी चाळ 'आमची' होती आणि मालक म्हणजे भाडेपावतीवरची एक न वाचता येणारी सही.

या दोघांतला खरा मालक कोणता? वकिलाला विचाराल तर तो फी घेऊन पहिल्याचं नाव सांगेल. पण प्रश्न वकिलाचा नाही, आणि तो मला जितका बारकाईने इंग्लंडातल्या जुन्या सिनेमा थेटरांनी विचारला तितका कुठल्याही तत्त्वज्ञाने विचारलेला नाही.

माझा भाचा लंडनच्या टूटिंग भागात राहतो. काही वर्षांपूर्वी त्याच्याकडे महिनाभर मुक्काम होता. तो ऑफिसला गेला की मला रस्ते मोजण्यापलीकडे उद्योग नसे. मोजता मोजता एक गोष्ट ध्यानात आली. तिथल्या बऱ्याच मोठ्या रस्त्यांवर एखादी तरी अशी इमारत असते, की जिचा चेहरा आणि धंदा यांचा मेळ बसत नाही. दर्शनी भाग राजवाड्याचा आणि आत सतरंज्यांचा सेल. संस्थान खालसा झालेल्या राजेसाहेबांनी पोस्टाच्या खिडकीत बसावं तसं काहीतरी. विचारलं की उत्तर ठरलेलं : "ते पूर्वी थेटर होतं."

होतं म्हणजे काय? इमारत तीच, विटा त्याच, दरवाजा तोच. मग गेलं ते काय गेलं?

आधी कागदावरच्या मालकांची हकिकत सांगतो, म्हणजे घोटाळा नीट कळेल. ऑस्कर डॉइच नावाचा एक गृहस्थ होता. बर्मिंगहॅमच्या भंगार धातूच्या व्यापाऱ्याचा मुलगा. त्याने 1930 साली त्याच शहरातल्या पेरी बार भागात 'ओडियन' नावाचं पहिलं थेटर काढलं आणि पुढच्या सात-आठ वर्षांत देशभर अडीचशेच्या घरात ओडियनं उभी केली. ओडियन हा शब्द मूळचा ग्रीक. पण कंपनीच्या जाहिरातखात्याने त्याचीही फोड करून टाकली : ऑस्कर डॉइच एंटरटेन्स अवर नेशन. आपल्या आद्याक्षरांत देश बसवणारा दुसरा माणूस मला माहीत नाही. 1937 साली लेस्टर स्क्वेअरला त्याचं काळ्याभोर दगडाचं सगळ्यांत भव्य ओडियन उघडलं, आणि 1941 साली अवघ्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी डॉइच वारला. देशाची करमणूक चालू राहिली, ऑस्कर तेवढा गेला.

ओडियनं आली जे. आर्थर रँक यांच्या हाती. रँक यांचा घरचा धंदा पिठाच्या गिरण्यांचा. गृहस्थ निष्ठावान मेथडिस्ट, रविवारी मुलांना बायबल शिकवणारे; सिनेमाच्या धंद्यात शिरले तेच धर्मप्रसाराचे चित्रपट काढावेत म्हणून. या पंथाला जुगाराचं वावडं. आता दैवाची चेष्टा पाहा. 1960 साली इंग्लंडात जुगाराचा नवा कायदा झाला, बिंगोचे क्लब काढायला मोकळीक मिळाली, आणि टीव्हीमुळे ओस पडू लागलेली थेटरं एकामागून एक बिंगोची झाली. बिंगो म्हणजे आपला हाऊजी. गणेशोत्सवात देशमुख वहिनी "दोन जाड्या बाया, अठ्ठ्याऐंशी" असं ओरडतात, तोच. रँक यांच्या कंपनीनेही 'टॉप रँक' नावाने बिंगोचे क्लब थाटले. देवाच्या कामासाठी सुरू झालेल्या दुकानात शेवटी आकडा लागू लागला.

पुढे 2000 साली रँकच्या कंपनीने ओडियन विकलं ते एका गुंतवणूक कंपनीला. तिने 2004 मध्ये दुसरीला विकलं. दुसरीने 2016 मध्ये अमेरिकेच्या एएमसीला विकलं, आणि त्या वेळी एएमसीचा ताबा होता चीनच्या वांडा समूहाकडे. भंगारवाल्याच्या पोरापासून पीठगिरणीवाल्यापर्यंत आणि तिथून बीजिंगपर्यंत. या सगळ्या प्रवासात थेटरातला माणूस मात्र तिकीट काढून आत जात होता आणि मध्यंतरात आइस्क्रीम खात होता. आपण चिनी मालकाचं आइस्क्रीम खातो आहोत की गुंतवणूक कंपनीचं, याने चवीत फरक पडल्याचं कोणी नोंदवलेलं नाही.

ओडियनची गोष्ट निदान एका नावाची आहे. एबीसी या दुसऱ्या मोठ्या साखळीचं तर बारसं थांबतच नव्हतं. ही ग्लासगोच्या जॉन मॅक्सवेल नावाच्या वकिलाची. 1969 साली ती ग्रामोफोन रेकॉर्डवाल्या ईएमआयकडे गेली. 1986 साली ऑस्ट्रेलियाच्या अ‍ॅलन बाँड यांनी साडेबारा कोटी पौंडांना घेतली आणि आठवड्याभरात साडेसतरा कोटींना विकली. आठवडा! आमच्याकडे दुधाचं कार्ड एका नावावरून दुसऱ्या नावावर व्हायला याहून जास्त दिवस लागत. विकत घेणारे होते गोलान आणि ग्लोबस हे इस्रायली चुलतभाऊ. त्यांनी पाट्या 'कॅनन'च्या लावल्या. नव्वदच्या दशकात त्या 'एमजीएम'च्या झाल्या. 1995 मध्ये रिचर्ड ब्रॅन्सन यांची 'व्हर्जिन' आली. वर्षभरात त्यांतली लहान थेटरं पुन्हा वेगळी निघाली आणि त्यांना नाव दिलं 'एबीसी'. चार वर्षांनी ती एबीसीही ओडियनमध्ये विरघळली. या सगळ्यात ज्याची सोय झाली असा एकच माणूस मला दिसतो, तो म्हणजे पाट्या रंगवणारा.

सांगायचा मुद्दा असा, की कागदावरचा मालक हा थेटरातला सर्वांत तात्पुरता प्राणी आहे. डोअरकीपरसुद्धा त्याच्यापेक्षा जास्त टिकतो.

मग थेटर तेच राहिलं की बदललं? आपल्याकडे याचं उत्तर सराफाजवळ आहे. आजीच्या पाटल्या मोडून आईच्या बांगड्या होतात, बांगड्या मोडून सुनेचं मंगळसूत्र होतं, आणि तरी ती सून लग्नकार्यात अभिमानाने सांगते, "हे आजेसासूबाईंचं." खोटं नाही. घडण बदलली, सोनं तेच राहिलं. थेटराचं नेमकं उलट होतं. घडण तीच राहते. बदलायचं ते सोनं बदलतं. आता थेटराचं सोनं कोणतं, हे शोधायला मी टूटिंगच्या ग्रॅनडात गेलो.

ग्रॅनडा हे सिडनी बर्नस्टाइन यांच्या साखळीतलं थेटर, 1931 सालचं. आतली सजावट कोमिसार्जेव्स्की या रशियन नाट्यदिग्दर्शकाची. बाहेरून तुम्हाला वाटेल, मोठी बँक असावी. आत पाऊल टाकलं की चर्चमध्ये आल्यासारखं वाटतं. कमानींवर कमानी, आरशांचं दालन, झुंबरं आणि तीन हजारांवर माणसं बसतील एवढा सभामंडप. 1973 साली इथला सिनेमा बंद झाला, 1976 पासून बिंगो. 2000 साली सरकारने या वास्तूला वारसा-इमारतींची सर्वोच्च श्रेणी दिली. म्हणजे काय, तर मालकाला तिथे मनासारखा बदल करायची सोय राहिली नाही. ज्याच्या नावावर इमारत, त्यालाच परवानगीवाचून हात लावायला बंदी. कागदावरच्या मालकाची एवढी शोभा चाळीच्या मालकाचीही झाली नसेल.

पाहुणा म्हणून नाव नोंदवून मी एका टेबलाशी बसलो. शेजारी ऐंशीच्या पुढच्या एक बाई, पुढ्यात एकदम सहा तिकिटं, हातात जाड शाईचं पेन. मी एका तिकिटातला आकडा शोधेपर्यंत त्यांच्या सहाही तिकिटांवर टिपके पडलेले असत. मध्यंतरात बोलणं झालं. तरुणपणी त्या इथे नवऱ्याबरोबर सिनेमाला येत.

"सिनेमा गेल्याचं वाईट नाही वाटलं?" मी विचारलं.

"वाटलं की! पण शेवटी शेवटी आत होतं कोण? मी, माझा नवरा आणि थंडी." मग पेनाचं टोपण काढत म्हणाल्या, "आता निदान शेजारी माणूस असतं. गप्प बसा, नंबर सांगताहेत."

मला वाटतं, सोनं सापडलं. अनोळखी माणसांनी एका छपराखाली जवळजवळ बसून एकाच वेळी एकाच गोष्टीसाठी श्वास रोखायचा, हे ते सोनं. मग ती गोष्ट नायिकेचा मृत्यू असो, नाहीतर अठ्ठ्याऐंशी नंबर. फिन्सबरी पार्कच्या अ‍ॅस्टोरियाचं पाहा. 1930 सालचं थेटर. छतावर रात्रीचं आकाश आणि दर्शनी दालनात कारंजं. 1967 साली इथे जिमी हेंड्रिक्सने स्टेजवर आपली गिटार जाळली. 1971 साली त्याचं 'रेनबो' हे संगीताचं ठिकाण झालं, मग ते बंद पडलं, आणि 1995 पासून तिथे मूळच्या ब्राझीलच्या एका चर्चची प्रार्थना सुरू झाली. आणि साउथॉलचं चिनी छपराचं, ड्रॅगनवालं थेटर तर आपल्याच लोकांनी सांभाळलं. 1929 साली बांधलेलं हे 'पॅलेस' सत्तरच्या दशकात 'लिबर्टी' झालं आणि त्यात हिंदी सिनेमे लागू लागले. परदेशात दिवसभर साहेबाच्या भाषेत जीभ वळवून थकलेल्या माणसाला आपल्या भाषेत रडायला मिळावं, एवढ्यासाठी तिकिटाची रांग लागे. 1982 मध्ये तिथे बाजार भरू लागला. 2001 मध्ये 'हिमालया पॅलेस' म्हणून पुन्हा सिनेमा आला, 2010 मध्ये बंद पडला आणि पुन्हा बाजार. ड्रॅगन बिचारा वर बसून सगळं पाहतो आहे.

इथवर सगळं गोड आहे. आता अवघड भाग. सवयीच्या मालकाचा हक्क मोठा म्हणायचा, तर ती सवय चालू असायला नको का? 1946 साली ब्रिटनमध्ये सिनेमाची 163 कोटींवर तिकिटं खपली. तान्ह्या पोरांसकट माणशी तीसहून जास्त. 1984 साली हा आकडा 5.4 कोटींवर आला. माणशी एक तिकीटसुद्धा पुरतं येत नाही. पुढच्याच वर्षी मिल्टन कीन्स इथे दहा पडद्यांचं पहिलं मल्टिप्लेक्स उघडलं, ते या एएमसीनेच, आणि लोक हळूहळू परतले. पण परतले ते नव्या जागी. जुन्या थेटरांना मालकांनी मारलं असं म्हणायची पद्धत आहे. मालकांनी फक्त मर्तिकाचं सामान आणलं. माझा भाचा 'अमुक जुनं थेटर वाचवा' अशा अर्जावर मोबाइलवरून सही करतो आणि त्याच मोबाइलवर सोफ्यात पडून सिनेमा बघतो. मी म्हटलं, "अरे, तिथे जाऊन बघ ना!" तर म्हणतो, "मामा, पार्किंग नाही हो." प्रेम खरं आहे, पार्किंगपुरतं कमी पडतं. आणि ज्याच्यावर आपण दमडी खर्चत नाही ते आपल्यासाठी दुसऱ्याने तोट्यात चालवावं, ही मागणी कितीही हळव्या आवाजात केली तरी फुकटेपणाचीच.

एवढं म्हणून गप्प बसणार होतो, पण वॉल्थमस्टोने बसू दिलं नाही. तिथलंही ग्रॅनडा, 1930 चं. तोच वास्तुकार, तोच कोमिसार्जेव्स्की. 2003 साली ते त्याच ब्राझीलच्या चर्चने विकत घेतलं. पैसे रोख, कागद चोख. पण नगरपालिकेने प्रार्थनेची परवानगी नाकारली. गावकरी म्हणाले, आम्हाला इथे करमणूकच हवी. अपील झालं, चौकशी झाली, परवानगी मिळाली नाही. फिन्सबरी पार्कला जे चाललं ते इथे का नको, हा चर्चचा सवाल मला अगदीच गैर वाटत नाही. बंद इमारतीत पाणी गळतं, आणि तत्त्वाच्या भांडणात ते कोणाच्याच बाजूने गळत नाही. मधे एका पबने पुढच्या दालनात दिवे लावले. अखेर 2019 साली नगरपालिकेनेच ते विकत घेतलं, दुरुस्त केलं, आणि 2025 च्या मे महिन्यात तिथे पुन्हा पडदा वर गेला. आता ते नाटकांचं आणि विनोदी कार्यक्रमांचं थेटर आहे.

फरक एवढाच, की इथले लोक नुसती सही करून थांबले नाहीत. वर्षानुवर्षं सभांना गेले, वाद घातले, आणि शेवटी खरेदीचे पैसे निघाले ते त्यांच्याच करातून. डोअरकीपर तिकीट फाडतो तेव्हा अर्धा तुकडा आपल्या हातात परत देतो. मला वाटतं, थेटराचं खरेदीखतही असंच अर्धं फाडलेलं असतं. एक तुकडा मालकाच्या तिजोरीत, दुसरा आपल्या खिशात. आपण जाणं सोडलं की आपला तुकडा रद्दी होतो. आणि त्याने माणसांचा विचार सोडला की त्याच्या हातात नुसत्या विटा राहतात.

वॉल्थमस्टोकरांचे मात्र आता दोन्ही तुकडे एकाच खिशात आले आहेत. कागदावरचे मालक तेच आणि सवयीचे मालकही तेच. आनंदाची गोष्ट आहे. फक्त उद्या तिकीट महागलं, पंखा बंद पडला किंवा खुर्चीची स्प्रिंग टोचली, तर शिव्या कोणाला द्यायच्या, हा प्रश्न त्यांना नव्याने सोडवावा लागेल.