कर्त्याचें पुस्तक आणि काळे हात

म्हैसूरचा आयडियल जावा कारखाना १९९६ सालीं बंद पडला. तथापि त्याच्या येझदी मोटारसायकली हौशी लोक अद्याप चालवितात, आणि त्यांस दुरुस्तीच्या जुन्या पुस्तकाचा आधार असतो. त्या पुस्तकाचा मान कोण राखतो? वाचणारा, कीं हात काळे करणारा?

ह्या गाडीचें इंजिन टू-स्ट्रोक. पेट्रोलांत मिसळलेल्या तेलानेंच पिस्टनास वंगण मिळतें, आणि मिश्रणाचें प्रमाण पुस्तक सांगतें. नवीन पनवेलाहून जुन्या रस्त्यानें बोरघाट चढणाऱ्यास तें तोंडपाठ असलें, पण टांकींत तेल नसलें, तर पिस्टन तापून जाम होईल. पाठांतर त्यास वांचविणार नाहीं. उलट, निरक्षर मिस्त्री उस्तादाकडून ऐकलेलें प्रमाण नेमानें पाळतो, आणि त्याची गाडी घाट चढते. म्हणून पुस्तक तुच्छ ठरत नाहीं. ऐकीव गोष्ट तोंडोतोंडीं बदलते, ती पुस्तकच पुनः सरळ करितें.

बंधुभगिनींनो, याकोबानें आपल्या पत्रांत आरशांत पाहून स्वतःचें रूप विसरणाऱ्याचा दाखला दिला आहे. आपलें पवित्र शास्त्र फडताळांत कोरें करकरीत राहिलें, तर आम्हीं त्याचा मान राखला असें कसें म्हणावें? बंद कारखान्याचा शब्दही पाळणाऱ्यास उपयोगी पडतो. आमचा कर्ता तर जिवंत आहे.