वर्गातला शिक्षक आणि त्याचा धर्म

अमेरिकेतील सरकारी शाळेच्या शिक्षकाला त्या देशाच्या राज्यघटनेची पहिली दुरुस्ती दोन्ही बाजूंनी लागू होते. नागरिक म्हणून त्याला धर्मपालनाचे आणि भाषणाचे स्वातंत्र्य आहे. सरकारचा पगारी नोकर म्हणून मात्र कोणत्याही धर्माला सरकारी आधार देण्याची त्याला मनाई आहे. रविवारी चर्चमध्ये धर्मपाठ घेणारा माणूस सोमवारी वर्गात बोलू लागला, की ते बोलणे त्याचे स्वतःचे की सरकारचे, हा प्रश्न उभा राहतो. समोरची मुले हजेरीच्या सक्तीने बसलेली असतात. त्यांना उठून जाता येत नाही, आणि गुण देणारा हातही त्याच शिक्षकाचा असतो. या वादात सर्वाधिक वजन याच गोष्टीला द्यायला हवे.

एकोणिसाव्या शतकात तिथल्या बऱ्याच शाळांचा दिवस बायबलवाचनाने सुरू होई. ते बायबल प्रॉटेस्टंटांचे, किंग जेम्स आवृत्तीचे असे. आयर्लंडहून आलेल्या कॅथलिक कुटुंबांना ते मान्य नव्हते. १८४४ साली फिलाडेल्फियात जे दंगे पेटले, त्यामागे शाळेतल्या बायबलचा हा वाद होता. माणसे मेली, कॅथलिक चर्च जळाली. शाळेतल्या धर्माचे भांडण हे आस्तिक विरुद्ध नास्तिक असे असते, हा समज म्हणूनच अपुरा आहे. तिथे भांडणारे दोघेही ख्रिस्ती होते.

न्यूयॉर्क राज्याच्या शिक्षण मंडळाने पुढे २२ शब्दांची एक प्रार्थना रचली. तिच्यात कोणत्याही पंथाचे नाव नव्हते आणि नको असेल त्या मुलाला गप्प राहण्याची मुभा होती. तरीही १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने ती घटनाबाह्य ठरवली. पुढच्याच वर्षी पेनसिल्व्हेनियातील रोज बायबलमधील दहा वचने वाचण्याचा कायदा रद्द झाला. मात्र साहित्य किंवा इतिहास म्हणून बायबल शिकवण्यास हरकत नाही, असेही त्याच निकालात स्पष्ट केले गेले. धर्माविषयी शिकवणे वेगळे आणि धर्म शिकवणे वेगळे, ही रेषा तेव्हापासून पक्की झाली.

रेषा कागदावर सोपी असली, तरी वर्गात ती पुसट होते. डेन्व्हरजवळच्या एका शाळेत पाचवीला शिकवणारा शिक्षक रोज पंधरा मिनिटांच्या मूकवाचनाच्या वेळी स्वतः बायबल वाचत बसे. मोठ्याने एक ओळही नाही, मुलांना उपदेश नाही. पुस्तक एरवी टेबलावर पडलेले असे. वर्गातल्या सुमारे २४० पुस्तकांत येशूच्या चरित्राचे एक आणि सचित्र बायबलचे एक, अशी दोन पुस्तके होती. मुख्याध्यापिकेने ही दोन्ही काढायला लावली आणि टेबलावरचे बायबल शाळेच्या वेळात दिसू नये, असे बजावले. ग्रीक देवांवरची आणि अमेरिकन आदिवासींच्या धर्मावरची पुस्तके मात्र राहिली. १९९० साली अपील न्यायालयाने मुख्याध्यापिकेची बाजू उचलून धरली. दहा-अकरा वर्षांच्या मुलांसाठी शिक्षकाचे वागणे हाच धडा असतो, हा तर्क पटण्याजोगा आहे. पण शेकडो पुस्तकांतली दोन वेचून काढणे ही तटस्थता म्हणता येत नाही. शाळेच्या मुख्य ग्रंथालयातून काढलेली बायबलची प्रत परत ठेवण्याचा आदेश खालच्या न्यायालयाने दिला होता, तो मात्र निःसंशय योग्य होता.

सॅन दिएगोजवळ गणिताच्या एका शिक्षकाने वर्गात सात फूट लांबीचे फलक लावले होते. देशभक्तीच्या नावाखाली त्यांवर देवाचा उल्लेख होता, आणि एका फलकावर ‘निर्माता’ हा शब्द ठळक मोठ्या अक्षरांत होता. इतर वर्गांत तिबेटी प्रार्थनापताका, दलाई लामांचे चित्र आणि गांधीजींनी सांगितलेली सात सामाजिक पापे चालतात, मग हेच का नाही, असा त्याचा सवाल होता. २०११ साली अपील न्यायालयाने उत्तर दिले, की वर्गाच्या भिंतीवर शिक्षक बोलतो तेव्हा ते शाळेचेच बोलणे असते, आणि त्या इतर वस्तूंमागे धर्मप्रसाराचा हेतू दिसत नाही.

पेहरावाची गोष्ट निराळी आहे, आणि इथे कायद्याने अन्याय केला. कॅथलिक जोगिणींनी आपल्या वेशात शिकवावे, याला पेनसिल्व्हेनियाच्या न्यायालयाने १८९४ साली मान्यता दिली. विधिमंडळाने पुढच्याच वर्षी धार्मिक पेहरावावर बंदी आणली. ओरेगनने १९२३ साली तेच केले, आणि त्यामागे कू क्लक्स क्लॅन या कॅथलिकविरोधी संघटनेचे बळ होते. शीख धर्म स्वीकारलेली एक शिक्षिका पांढरी पगडी बांधून सहावी व आठवीच्या वर्गात जाऊ लागली, तेव्हा याच कायद्याने तिचा शिक्षिकेचा परवाना गेला. १९८६ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा वैध ठरवला. पगडी मुलाकडे काही मागत नाही, ती फक्त माणूस कोण आहे ते सांगते. ओरेगनने बंदी २०१० साली उठवली, पेनसिल्व्हेनियाने २०२३ साली.

२०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने दिशा बदलली. वॉशिंग्टन राज्यातील ब्रेमर्टनचा एक सहायक फुटबॉल प्रशिक्षक सामन्यानंतर मैदानाच्या मधोमध गुडघे टेकून प्रार्थना करी. ही त्याची खाजगी भक्ती आहे, असे सहा विरुद्ध तीन मतांनी ठरले. असहमत न्यायमूर्ती सोटोमायोर यांनी आपल्या मतपत्रात चक्क छायाचित्रे जोडली, त्यांत त्याच्याभोवती जमलेले खेळाडू दिसतात. सामील न झाल्यास खेळायला कमी मिळेल, या भीतीने आपला नास्तिक मुलगा त्यात उभा राहिला, अशी एका पालकाची तक्रारही नोंदीत आहे. संघात कोण खेळणार हे ठरवण्यात ज्याचा वाटा आहे, त्याच्या शेजारी उभे राहण्याला खाजगी म्हणणे चूक आहे.

आपल्याकडे भारतीय राज्यघटनेचे कलम २८ पूर्णतः सरकारी खर्चाच्या शाळेत धर्मशिक्षण देऊ देत नाही. महाराष्ट्रात मात्र हा प्रश्न उलट्या बाजूने न्यायालयात गेला. नाशिकच्या एका अनुदानित शाळेतील शिक्षकाने प्रार्थनेच्या वेळी हात जोडायला नकार दिला आणि त्याची वेतनवाढ अडली. २०१३ साली मुंबई उच्च न्यायालयाने अशी सक्ती मूलभूत हक्कांचा भंग ठरवली. नोकरीतल्या प्रौढ माणसाला हात न जोडण्यासाठी उच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. पाचवीतले मूल तिथवर जाऊ शकत नाही, म्हणून त्याच्यासाठी वर्गाचा नियम आधीच ठरलेला असावा आणि तो पाळण्याची जबाबदारी शिक्षकाची असावी.