गालिचा, जतन आणि परिग्रह

अर्धापूरसारख्या केळीबागांच्या गावात, जिथे शेतातून परतणाऱ्यांच्या कपड्यांना केळीचा चीक लागलेला असतो आणि तो वाळल्यावर पडणारा तपकिरी डाग सहसा निघत नाही, तिथे हाताने गाठी मारून विणलेला लोकरी गालिचा माणसांनी गजबजलेल्या घरासाठी घेणे हा खर्चाचा तसाच धर्मविचाराचाही प्रश्न ठरतो. जैन आचार्य उमास्वातींच्या ‘तत्त्वार्थसूत्रा’त परिग्रहाची, म्हणजे संग्रहाच्या दोषाची, व्याख्या वस्तूंच्या संख्येवरून नव्हे, तर मूर्च्छेवरून, म्हणजे वस्तूविषयीच्या ममत्वाच्या गुंगीवरून केलेली आहे, त्यामुळे गालिचा घरात असणे हा दोष नसून, त्याच्यापायी माणूस परका होणे हा दोष ठरतो. मात्र या निकषाने निष्काळजीपणाला सूट मिळत नाही, कारण वस्तूची हेळसांड हा विणकराच्या श्रमांचा अनादरच होय. म्हणून धूळ नियमित काढणे, सांडलेले पाणी न घासता टिपून घेणे आणि झीज सारखी व्हावी यासाठी गालिच्याची दिशा अधूनमधून बदलणे ही कर्तव्ये पाळावीत. परंतु चिखलाच्या पायांनी आलेल्या पाहुण्याला उंबरठ्यावरच थांबवावेसे वाटू लागले, तर जतनाची मूर्च्छा झाली असे समजावे, आणि गालिचा गुंडाळून ठेवून पाहुण्याला आत घ्यावे.