फास कुणाचा, ताट कुणाचं?

मांसाचा प्रश्न आपल्यात कुणी प्रश्न म्हणून घेतच नाही. एकजण म्हणतो, बुद्धाचा धम्म घेतला, आता मटण सोडा. दुसरा म्हणतो, बामण खात न्हाई म्हणूनच मी दाबून खाणार. दोघंही ताटाकडंच बघतात. ताटात येण्याआधी काय झालं, कुणाच्या हातानं झालं, हे दोघांनाही नको असतं. मला त्या हाताबद्दल बोलायचंय. मी सूतगिरणीत रिंग फ्रेमवर काम करतो. अंगावरच्या सदऱ्याचा धागा कुणी ओढला हे सदरा घालणाऱ्याला ठाऊक नसतं. मांसाचंही तसंच झालंय.

आपल्या बारामती-इंदापूरचे दोन भाग आहेत. एक कॅनॉलखालचा. तिथं नीरेचं पाणी, ऊस, कारखाने आणि पुढारी. दुसरा माळाचा. तिथं कुसळी गवत, बोरी-बाभळी, धनगराची मेंढरं, लांडगा आणि चिंकारा. चिंकारा म्हंजे आपलं हरीण. पाण्यावाचून बरेच दिवस काढतं, पाल्यातल्या ओलीवर जगतं. म्हणून ते ह्या कोरड्या माळावर टिकलं. सुप्याला मयूरेश्वर अभयारण्य आहे, 1997 सालचं, जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं. इंदापुरात कडबनवाडीचा माळ आहे, तिथं वनखात्यानं सफारी सुरू केलीय. शहरातली माणसं गाडीत बसून हरीण बघायला येतात. त्याच माळाच्या कडेला पाल टाकून राहणाऱ्या फासेपारध्याकडं मात्र कुणी मान वळवून बघत नाही.

वन्यजीव संरक्षण कायदा झाला 1972 साली. त्याच साली दुष्काळात आपले आजा-आजी रोजगार हमीच्या आधीच्या कामांवर खडी फोडत होते. चिंकारा ह्या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. मारला तर तीन ते सात वर्षं. कायदा वाईट आहे असं मी म्हणत नाही. तो कुणाच्या मानेवर किती जोरात बसतो, एवढंच विचारतो. 1998 साली राजस्थानात काळवीट मारल्याबद्दल हिंदी सिनेमातल्या एका बड्या नटाला 2018 मध्ये पाच वर्षांची सजा सुनावली. वीस वर्षं गेली. आणि दोन दिवसांत जामीन. पालावरच्या माणसाला जामीन राहायला सातबारावाला कोण मिळणार?

शब्द बघा. राजानं हरीण मारलं की मृगया, तिच्यावर काव्यं झाली. संस्थानिकानं, गोऱ्या साहेबानं मारलं की शिकार. मुंडकी भिंतीवर टांगली. पारध्यानं मारलं की गुन्हा. जनावर तेच, मरण तेच. मौजेसाठी मारणारा शूर आणि पोटासाठी मारणारा गुन्हेगार, हे कुठलं नीतिशास्त्र? ऋषींच्या अहिंसेचे दाखले आपल्याला देतात. ते ऋषी मृगाजिनावर बसायचे. ते कातडं हरणानं आपण होऊन उतरवून दिलं होतं काय? ज्यानं ते सोललं त्याचं नाव कुठल्या पुराणात आहे? इंग्रजांनी 1871 साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि पुढं त्यात फासेपारध्याला जन्मल्या दिवशीच गुन्हेगार ठरवलं. 1952 साली तो कायदा उठला. माणसांच्या डोक्यातून उठला नाही. कुठं चोरी झाली की पहिली धाड अजून पालावर.

हरणाची पारध कशी होते ते माहीत करून घ्या. पारधी पळत नाही, ओरडत नाही. शिकवलेल्या गाईच्या नाहीतर बैलाच्या आडोशानं, ते जनावर चरंल तसा, पुढं सरकतो. हरीण गुराला भीत नाही. वाटेवर फास मांडलेले असतात. वारा कुठून येतो, कळप कुठं बसतो, कुठल्या वेळी उठतो, हे सगळं डोक्यात पाहिजे. शाळेत गेला नाही म्हणून ह्याच माणसाला अडाणी म्हणायचं.

माधव गाडगीळ आणि कैलास मल्होत्रा ह्या अभ्यासकांनी आपल्या भागातल्या भटक्यांच्या शिकारीचा अभ्यास 1983 च्या सुमारास मांडला. इंदापूर तालुक्यातल्या वडापुरीचे तिरमल नंदीवाले कुत्री घेऊन रानडुकराच्या मागं जायचे. वैदू मुंगूस, रानमांजर असली लहान जनावरं धरायचे. फासेपारधी काळवीट आणि पाखरं फासात घ्यायचे. मुलूख एकच, पण एकाचा घास दुसरा फारसा हिसकावत नव्हता. आणि फासात गाभण मादी किंवा पाडस सापडलं तर फासेपारधी ते सोडून द्यायचे, हा रिवाजही त्यांनी नोंदवलाय.

इथं मला निग्रोधमृग जातक आठवतं. वाराणसीचा राजा रोज हरीण खायचा. हरणांनी पाळी लावली, रोज एकानं मरायला जायचं. पाळी गाभण हरणीवर आली तेव्हा निग्रोध नावाच्या हरणांच्या राजानं तिच्याजागी आपली मान ठोकळ्यावर ठेवली. राजा वरमला. गाभण हरणीला वाचवणाऱ्याला जातकानं बोधिसत्त्व म्हटलं. गाभण हरणीचा फास सोडणाऱ्याला आपल्या सरकारनं काय म्हटलं ते वर सांगितलंच.

आता आपल्या ताटातलं मांस बघा. कोंबडी शेडमध्ये पस्तीस-चाळीस दिवसांत दोन किलोची होते. पिल्लू कंपनीचं, खाद्य कंपनीचं, राबणं शेतकऱ्याचं. रात्री गाडी लागते, पोरं एकेका हातात चार-चार कोंबड्या पायाला धरून क्रेटमध्ये कोंबतात. ती पोरं कुठल्या वस्तीतली असतात? हरीण निदान मरेपर्यंत माळावर हरीण म्हणून जगलेलं असतं.

आणि दुधावर जगणाऱ्यानंही आपलं ताट निर्मळ समजू नये. आपला मुलूख दुधाचा. जर्सी गाय दूध द्यायची तर ती व्याली पाहिजे. गोऱ्हा झाला तर? वशिंड नाही, औताला धड चालत नाही. मार्च 2015 पासून राज्यात बैल-गोऱ्हा कापायला बंदी. विकत कोण घेणार? मग किती गोऱ्हे दुधावाचून खुंट्याला वाळून मरतात, किती रस्त्यावर सोडले जातात, ते गोठ्यातल्या गड्याला विचारा. खाटकाची सुरी दिसते म्हणून तो पापी. उपाशी मारणाऱ्याच्या हातात काहीच दिसत नाही.

आपल्यासाठी हा प्रश्न चवीचा कधीच नव्हता. मेलेलं ढोर ओढणं हे गावकीचं काम. ओढायचं आपण, आणि त्याचं मांस खातो म्हणून विटाळही आपलाच. चान्या वाळवून आपल्या आज्यांनी लेकरं जगवली, त्याची मला लाज वाटत नाही. मार्च 1927 मध्ये महाडला बाबासाहेबांनी मेलेल्या ढोराचं मांस सोडा असं सांगितलं. ते सोवळ्यासाठी नव्हतं. तो माणसानं ताठ उभं राहण्याचा हुकूम होता. तेव्हा जे सोडलं ते मांस म्हणून सोडलं नाही, लाचारी म्हणून सोडलं. हा फरक ज्याला कळला नाही तो एक तर कंठी घालून बसतो, नाहीतर खाण्यालाच क्रांती समजतो.

1957 साली आलेल्या ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ ह्या ग्रंथात बाबासाहेब अहिंसेबद्दल दोन गोष्टी वेगळ्या करतात. नियम वेगळा, तत्त्व वेगळं. मारण्याची गरज वेगळी, मारण्याची हौस वेगळी. नियम माणसाला बांधतो, तत्त्व त्याला विचार करायला लावतं. भिक्खूंसाठी मांसाचा नियम होता: आपल्यासाठी मारलेलं पाहिलं, ऐकलं, किंवा तशी शंका आली तर ते घ्यायचं नाही. भिक्षा मागणाऱ्याला तो बरोबर होता. पण आपण भिक्षा मागत नाही, पैसे मोजून घेतो. पैसे मोजले म्हंजे ते आपल्यासाठीच मारलं. मग ‘मी पाहिलं नाही, ऐकलं नाही’ हे आपल्याला कसं चालेल? माझं म्हणणं असं की विकत घेणाऱ्यानं हे उलटं धरावं. पाहावं, ऐकावं, शंका घ्यावी. ज्याचं मरण बघवत नाही त्याचं मांस दुसऱ्याच्या हातानं मारून आणवायचं आणि वर त्या हाताला विटाळ मानायचा, ह्यालाच तर जात म्हणतात. खाटीक, मुलाणी, पारधी, ढोर ओढणारा महार. सगळ्या आळीला रक्ताचं काम वाटून दिलं आणि सोवळं स्वतःकडं ठेवलं.

मग चिंकारा मारावा काय? मी म्हणतो, नाही. थोडे उरलेत. बंदूक घेऊन रात्री जीपमधून येणाऱ्याला गरज नाही, नुसती हौस आहे. पण पारध्याला ‘फास टाक’ म्हणायचं तर त्याच्या हातात दुसरं काय द्यायचं, हे सांगितल्याशिवाय म्हणायचा अधिकार कुणाला नाही. आपल्याला ढोरं ओढू नका म्हणणारी चळवळ जमीनही मागत होती. डिसेंबर 1964 मध्ये दादासाहेब गायकवाडांच्या मागं हजारो माणसं जमिनीसाठी तुरुंगात गेली, ती काय उगीच?

इथंच गाठ अवघड आहे आणि ती झाकून चालणार नाही. आपण मागतो ती जमीन गायरान, पडीक, माळ. तोच माळ हरणाचा. आपण नांगर घातला तर हरीण जाईल, नाही घातला तर पारधी आणि आपण भूमिहीन. गरीब माणूस आणि मुकं जनावर एकाच तुकड्यासाठी भांडत राहावं, ही सोय कुणाची? पाण्याखालच्या जमिनीबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. 1961 च्या कमाल जमीन कायद्यानं खासगी साखर कारखान्यांची शेती सरकारकडं आली, 1963 साली शेती महामंडळ झालं. आपल्या इंदापुरातच वालचंदनगर-रत्नपुरीकडं ही जमीन आहे. भूमिहीनाचा हक्क तिथं सांगा. माळ हरणाला, धनगराच्या मेंढरांना राहू द्या. आणि त्या माळाची राखण, वाट दाखवणं ह्याचा पगार ज्याला हरणाचा माग सगळ्यात जास्त कळतो त्या फासेपारध्याला मिळाला पाहिजे.

दोस्तहो, पुढच्या वेळी पालावर धाड पडली की तित्तर धरलं का ससा धरला ह्याची चौकशी करत घरात बसू नका. ठाण्यावर चला. तो आपल्यातला नाही म्हणून गप्प राहणाऱ्याला दुसऱ्याच्या सोवळ्याबद्दल तक्रार करायला तोंड राहील का?

जय भीम.