निकालपत्र शेवटपर्यंत वाचा

रोजच्या वर्तमानपत्रात न्यायालयाची एखादी तरी बातमी असतेच. दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर या पदाच्या मुलाखतीची तयारी करणारे आपले तरुण वकील ती टिपून ठेवतात. खटल्याचं नाव, तारीख, न्यायमूर्ती, निकाल. वह्या भरतात. या मेहनतीचं मला मनापासून कौतुक वाटतं, म्हणूनच त्यांना सांगावंसं वाटतं, की बातमीपाशी थांबू नका. निकालपत्र उघडा.

१ ऑगस्ट २०२४ चा पंजाब राज्य विरुद्ध दविंदर सिंग हा निकाल घ्या. अनुसूचित जातींमध्ये राज्याला उपवर्गीकरण करता येतं का, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या घटनापीठापुढे होता. करता येतं, असं सहा न्यायमूर्तींनी सांगितलं आणि ई. व्ही. चिन्नय्या खटल्यातला २००४ चा निकाल मोडीत निघाला. चर्चा मात्र पेटली ती क्रीमी लेयरवर. न्यायमूर्ती भूषण गवई यांच्यासह चार न्यायमूर्तींनी त्याबद्दल मत मांडलं होतं, हे खरं. पण पीठापुढचा प्रश्न तो नव्हता. कोर्टाने काय ठरवलं आणि ओघात काय म्हटलं, यातला फरक निकालपत्र वाचणाऱ्यालाच कळतो. मुलाखत घेणाऱ्यांना उमेदवाराकडून नेमकं हेच हवं असतं.

सातव्या न्यायमूर्ती बेला त्रिवेदी यांचं मतही वाचायला हवं. अनुच्छेद ३४१ खाली राष्ट्रपतींनी काढलेल्या यादीत बदल करण्याचा अधिकार फक्त संसदेला आहे, राज्याला त्यात हात घालता येणार नाही, अशी त्यांची भूमिका. बहुमताचा निकाल पटला असला तरी समोरच्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा इथेच सापडतो. तो ज्याला नीट मांडता येतो, त्याच्या स्वतःच्या मतालाही वजन येतं.

नव्या फौजदारी कायद्यांचंही तेच. १ जुलै २०२४ पासून खुनाच्या शिक्षेसाठी दंड संहितेच्या कलम ३०२ च्या जागी भारतीय न्याय संहितेचं कलम १०३ आलं, हे एका दुपारी पाठ होतं. पण गुन्हा ३० जूनला घडला आणि फिर्याद २ जुलैला नोंदली गेली, तर? गुन्ह्याला कलम जुन्या दंड संहितेचं लागेल, तपास नव्या नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे होईल. कृत्य घडलं तेव्हा जो कायदा अमलात होता, त्याच कायद्याने ते गुन्हा ठरलं पाहिजे आणि त्यात सांगितलेल्या शिक्षेहून जास्त शिक्षा देता येत नाही, ही हमी संविधानाच्या अनुच्छेद २० ने प्रत्येकाला दिली आहे. कलमांचा तक्ता पाठ असलेल्याला ‘का’ विचारलं की हे कारण सांगता आलं पाहिजे.

यासाठी दिवसभर मोबाईलवर बातम्या चाळायची गरज नाही. आठवड्याला एकच महत्त्वाचा निकाल निवडा. वस्तुस्थिती, वादाचा प्रश्न, उत्तर, त्यामागची कारणं आणि असहमतीचं मत, एवढं स्वतःच्या शब्दांत अर्ध्या पानात लिहा. सर्वोच्च न्यायालयाच्या अनेक निकालांचे मराठी अनुवाद आता उपलब्ध आहेत, त्यांचीही मदत घ्या.

उद्या तुम्ही न्यायासनावर बसाल, तेव्हा कुणाच्या जमिनीचा, कुणाच्या जामिनाचा, कुणाच्या पोटगीचा कागद तुमच्यापुढे येईल. तो पूर्ण वाचला जाणं हा त्या माणसाचा हक्क आहे. ही सवय नेमणुकीच्या पत्राबरोबर येत नाही. ती आजपासूनच लावून घ्या.