रानातला एकांत कुणाचा?



सातपुड्यात पालच्या बाजूने यावल अभयारण्यात शिरले की सागाची वाळलेली पाने पायाखाली वाजतात, तेवढाच काय तो आवाज. गेल्या फेब्रुवारीत तिथे बसून मी एक प्रार्थनागीत जुळवत होतो. महिनाभर घरी न सुचलेल्या दोन ओळी आपोआप आल्या. तेवढ्यात सरपणाची मोळी बांधून उभ्या असलेल्या एका पावरा बाईने हाक मारली, "भाऊ, जरा हात लाव ना." खरे सांगतो, मला राग आला. प्रार्थनेत कुणी असे मध्येच बोलावते का?

मार्कच्या सहाव्या अध्यायात दमलेल्या शिष्यांना प्रभू येशू एकांतात विसावा घ्यायला नेतो. म्हणजे एकांत हवा वाटणे हे पाप नव्हे. पण लोक पायी धावत आधीच तिथे पोहोचतात. प्रभू त्यांना परत पाठवत नाही. त्याला त्यांचा कळवळा येतो.

आपल्या धरणगावचे बालकवी ठोमरे हे निसर्गाचे कवी. ते रानातच राहत असतील असे आपल्याला वाटते! जळगावात १९०७ साली कविसंमेलन झाले, त्यात त्यांचे कौतुक झाले. पुढे ते नगरला रेव्हरंड टिळकांच्या घरी राहिले, आणि ते घर तर माणसांनी सदा भरलेले.

मी उठलो, मोळी तिच्या डोक्यावर चढवली. तिचे वजन मला एकट्याला पेलले नसते. ती उतार उतरून गेल्यावर पुन्हा वही उघडली, तर दुसरी ओळ विसरलो होतो. ती अजून आठवलेली नाही.